‘जुना संगणक भंगारात द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

शाळा, वाचनालयं आणि देवस्थान समित्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सांगणं थोडक्यात असं: विंडोज १० बंद झालं, आठव्या पिढीच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरवर विंडोज ११ चालूच शकत नाही, जबरदस्तीने टाकलं तर प्रोसेसर जळतो, शिवाय ते बेकायदेशीर, लिनक्स (विंडोजऐवजी चालवता येणारी मोफत प्रणाली) त्या यंत्रांसाठी बनलेलं नाही आणि त्यात मराठी येत नाही. तेव्हा भंगारात द्या, नवीन घ्या. फोंड्याजवळच्या एका वाचनालयाने हा मेसेज वाचून चांगले चालते संगणक व्हरांड्यात काढून ठेवले. पावसाळ्यात गोव्याच्या व्हरांड्यात ठेवलेल्या संगणकाचं काय होतं ते इथल्या कुणाला सांगायला नको. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘विंडोज १० बंद झालं.’ नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले, यंत्र थांबलं नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोयही ठेवली आहे. अपडेट नसलेल्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत, एवढं मात्र खरं.

‘विंडोज ११ चालूच शकत नाही.’ मेसेजचा सगळा डोलारा या वाक्यावर आहे, आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत. एक म्हणजे मायक्रोसॉफ्टची मान्य यंत्रांची यादी, दुसरी म्हणजे प्रोसेसरची कुवत. यादीत येण्यासाठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) हवं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. यादीमागे कारण आहे, ते नाकारत नाही: मेमरी इंटिग्रिटी नावाच्या संरक्षणासाठी नव्या प्रोसेसरमध्ये खास सोय असते; जुन्यात तेच काम सॉफ्टवेअरला करावं लागतं आणि यंत्र मंदावतं. पण मंदावणं वेगळं आणि न चालणं वेगळं. यादीत नसलेल्या यंत्रावर, निदान टीपीएम १.२ असेल तर, रजिस्ट्रीतली (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीतली) एक नोंद बदलून विंडोज ११ कसं चढवायचं, हे मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये स्वतःच्या मदतपानावर दिलं होतं. पुढे ते काढून टाकलं.

खरी भिंत दुसरीकडे आहे. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या अंगभूत आज्ञा, असाव्याच लागतात. इंटेलच्या जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट नाही, त्यामुळे तिथे ही आवृत्ती सुरूच होत नाही. कितीही युक्त्या करा. २००८ नंतरच्या कोअर आय मालिकेत या सूचना आहेत. वाचनालयातले संगणक तिसऱ्या पिढीच्या आय-५ चे, म्हणजे २०१२ च्या सुमाराचे. त्यातला एक उघडला. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर दमटपणाने काळपट थर चढला होता, तो खोडरबराने पुसला; हार्डडिस्क काढून एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) लावली; चार जीबीची आठ जीबी रॅम केली. विंडोज ११ चालू झालं. आजही तिथे मुलं त्यावर निबंध टाइप करतात.

याला मर्यादा आहेत. अशा यंत्राला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. महिन्याचे अपडेट सहसा येतात, पण वर्षाची नवी आवृत्ती आपोआप येत नाही, ती हाताने चढवावी लागते. समितीत हे करणारं कुणी नसेल तर या वाटेला जाऊ नका. आणि त्याआधी बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) डोकावा: बऱ्याच यंत्रांत टीपीएम असतं, फक्त बंद ठेवलेलं असतं.

‘प्रोसेसर जळतो.’ साफ खोटं. मर्यादेपलीकडे तापला की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग उतरवतो, तरी भागलं नाही तर यंत्र बंद करतो. तापण्याचं कारण सहसा पंख्यातली धूळ आणि सुकलेली थर्मल पेस्ट.

‘बेकायदेशीर आहे.’ ही गल्लत ॲपलवरून आली असावी. मॅकओएस फक्त ॲपलच्या यंत्रावर चालवावं असं त्याच्या परवान्यातच लिहिलेलं आहे. साध्या पीसीवर मॅकओएस घालून विकणाऱ्या सायस्टार कंपनीविरुद्धचा खटला ॲपलने २००९ मध्ये जिंकला. विंडोजचा रीतसर परवाना असेल, तर यादीबाहेरच्या यंत्रावर ते चालवणं हा गुन्हा नाही.

‘लिनक्स या यंत्रांसाठी नाही.’ लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये ते स्वतःच्या ३८६ प्रोसेसरच्या संगणकासाठी लिहिलं आणि दुसऱ्या यंत्रांवर नेता येण्यासारखं नाही, असं तेव्हा स्वतःच सांगितलं. तेच लिनक्स आज फोनपासून आयबीएमच्या मेनफ्रेम या अवाढव्य संगणकांपर्यंत चालतं. आपल्या एम१ चिपची कागदपत्रं ॲपलने दिली नाहीत, तरी ‘असाही लिनक्स’ या प्रकल्पाच्या मंडळींनी चिपचं वागणं निरखून ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्राम) लिहिले आणि मार्च २०२२ मध्ये पहिली आवृत्ती लोकांच्या हाती दिली. त्यापुढे तिसऱ्या पिढीचा आय-५ म्हणजे काहीच नाही. लिनक्स मिंट या लिनक्सच्या सोप्या प्रकाराला दोन जीबी रॅमही पुरते, चार असेल तर बरं.

मराठी येत नाही, हे वाचून मात्र संताप आला. युनिकोड मराठी (कुठल्याही यंत्रावर तशीच दिसणारी) आणि इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक लिनक्समध्ये कितीतरी वर्षं आहे. अडचण वेगळीच आहे: आपल्या शाळांतल्या जुन्या प्रश्नपत्रिका, देवस्थानांच्या कार्यक्रमपत्रिका श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत आहेत. तो फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात, आणि हे नव्याकोऱ्या विंडोज ११ वरही होणारच. त्या फायली आजच युनिकोडमध्ये बदलून घ्या. यंत्र कुठलंही ठेवा.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजसाठीच आहे, आणि काही जुन्या लेझर प्रिंटरांना लिनक्सचा धड ड्रायव्हर नाही. ज्या संगणकावर हिशेब चालतो, तो लिनक्सवर नेऊ नका. बाकीच्यांसाठी मिंट पेनड्राइव्हवर घाला आणि तिथूनच चालवून बघा: वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी टायपिंग. ‘इन्स्टॉल’ दाबेपर्यंत हार्डडिस्कवरची एकही फाइल बदलत नाही.