कुणी सांगितलं बोर्डाला जाऊ नका?

माझे चुलते, तात्या, तोफखान्यातून हवालदार होऊन मोहोळला परतले ते डाव्या कानाने ऐकू येणं गमावून. निवृत्तीच्या वैद्यकीय बोर्डाने, म्हणजे तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने, २० टक्के अपंगत्व लिहिलं आणि पुढे ‘एनएएनए’, म्हणजे सेवेमुळे झालं नाही, सेवेत वाढलंही नाही. अपंगत्वाची पेन्शन नामंजूर. अपील केलं, पुण्याला फेरतपासणीची तारीख आली आणि आदल्या रात्री तात्यांनी ‘हुतात्मा’ एक्स्प्रेसचं तिकीट रद्द केलं. कारण काय, तर माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेज!

मेसेज म्हणतो: ‘तपासणीला गेलात की टक्के कापतात, जाऊ नका.’ अहो, तात्यांना अपंगत्वाचा एक रुपया मिळत नाही; कापणार काय, कपाळ? सेवा पेन्शनला बोर्ड हात लावत नाही. ज्यांना आधीच मिळतंय त्यांनी स्वतःहून फेरतपासणी मागितली तर टक्के खाली येऊ शकतात, एवढं खरं. पण कायमस्वरूपी अपंगत्वाचे टक्के फेब्रुवारी २००१ च्या आदेशाने आयुष्यभरासाठी धरलेत. उगाच कुणी बोलावत नाही. आणि तात्या गेलेच नाहीत तर फाइलमध्ये जुनंच मत राहणार.

मेसेज पुढे म्हणतो: ‘बोर्डाचं मत अंतिम, कोर्टही बदलत नाही.’ साफ खोटं. धरमवीर सिंग खटल्यात जवानाला फिट्स यायच्या, तिथंही २० टक्के, तिथंही बोर्डाचा नकार. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पेन्शन दिली. भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं. नंतरचं दुखणं सेवेमुळे नाही हे सरकारने दाखवायचं. बोर्डाने कारणं लिहायची. शंकेचा फायदा जवानाला. तोफेजवळ उभ्या राहिलेल्या माणसाच्या कानाला हे लागू नाही तर कशाला? (२१ सप्टेंबर २०२३ पासून बाहेर पडलेल्यांना नवे नियम आहेत, तात्या त्याआधीचे.)

शेवटी मेसेजमधला एजंट म्हणतो: ‘२० चे ५० होतात, फी पाठवा.’ होतात, म्हणजे २० टक्के अपंगत्वाला ५० टक्के धरून पेन्शन मिळते, सर्वोच्च न्यायालयाच्या रामअवतार निकालामुळे, २०१४ पासून. पण आधी दुखणं सेवेचं ठरलं पाहिजे, आणि ते एजंट ठरवत नाही.

अपिलाच्या सहा महिन्यांच्या मुदतीबद्दल मेसेजने उगाच घाबरवलंय. मुदत आहे, पण उशीर माफ होतो; पहिल्या अपिलानंतर दुसरं, मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ.

हे सगळं मी तात्यांच्या उजव्या कानाशी बसून सांगितलं. सोलापुरात काढलेला ऑडिओग्राम (कानाच्या तपासणीचा आलेख) जोडून, नवी तारीख मागणारं पत्र काल स्पीड पोस्टाने नाशिक रोडच्या तोफखान्याच्या रेकॉर्ड ऑफिसला गेलं.