जुगाराला जोडधंदा पाहिजेच

शेतीला जोडधंदा करा, जोडधंदा करा असं कृषी खात्यातला माणूस आपल्या आजोबापासून सांगत आलाय, त्याचं ऐकून कोणी म्हशी घेतल्या कोणी कोंबड्या पाळल्या, मग मोबाईलवरच्या जुगारालाच जोडधंदा का नको भो? आपल्या खान्देशात रावेर-यावलपासून दोंडाईचापर्यंत काही पोरं अजून कोरडीच खेळतात, बघून जीव तुटतो. कोरडा माणूस पाचशे हरला की त्याला पाचशे हरल्यासारखंच वाटतं, मग तो मोबाईल ठेवतो, आईला विचारतो जेवायला काय आहे, आणि भरीत-भाकरी खाऊन झोपतो. असं करायला लागले सगळे, तर खेळ चालवणाऱ्याच्या लेकराबाळांनी काय खायचं?

म्हणून पहिलं सांगणं, कोरडं खेळू नका. दारूची क्वार्टर आणा नाहीतर गांजाची पुडी आणा, ज्याला जे परवडेल ते.

दारूचं काम काय ते नीट समजून घ्या. कपाळामागे मेंदूचा एक भाग असतो, "थांब रे, ते केळी विकून आलेले पैसे आहेत, सोसायटीचं कर्ज भरायचंय" असं म्हणणारा. दारू त्याला गप्प बसवते. मग समोरचं तेवढं दिसतं, उद्याचं दिसत नाही, आणि दोनशे लावायचे ठरवून बसलेला माणूस दोन पेगनंतर दोन हजार लावतो आणि वर म्हणतो, होऊन जाऊ दे. गांजाचं काम वेगळं. त्यात वेळेचा हिशोब बिघडतो आणि आत्ता पाच मिनिटांपूर्वी काय केलं ते डोक्यात टिकत नाही, म्हणजे किती टाकले हा प्रश्नच मिटला. त्यात आपल्याकडे माल लांबून आणायचीही गरज नाही, शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला पोलीस गांजाची शेती उपटतात त्याच्या बातम्या येतच असतात. १९८५ चा कायदा आहे त्याला, पण तुम्ही कायद्याला घाबरणारे असता तर हा लेख इथपर्यंत वाचलाच नसता.

आता जागा आणि वेळ. शेतीची लाईट रात्रीची असली की यासारखा योग नाही. घरचे म्हणतात बिचारा थंडीत पाणी भरायला गेला. इकडे मोटर चालू, बाजेवर तुम्ही, स्टार्टरच्या पेटीत क्वार्टर, कागदावर शेव आणि हातात मोबाईल, आणि आजूबाजूला दोन किलोमीटरपर्यंत "बस झालं आता" म्हणणारं कोणी नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. घरच्यांना बिबट्याची काळजी असते. बिबट्या लांबूनच बघून जातो, की इथं आधीच कोणीतरी खातंय.

यासाठी तो विमानाचा गेम उत्तम. विमान वर जातं, आकडा वाढत जातो, उडून जायच्या आत बटण दाबून पैसे काढायचे. प्यालेल्या माणसाचा अंगठा जरा उशिराच जातो, त्यामुळे प्रत्येक वेळी वाटतं की थोडक्यात हुकलं, आणि थोडक्यात हुकलेला माणूस सरळ हरलेल्यापेक्षा जास्त जोमाने परत बसतो. विमान कितीवर उडून जाणार ते कॉम्प्युटरने विमान निघायच्या आधीच ठरवलेलं असतं, पण तुम्ही ते डोक्यात आणू नका, दोन घोट घ्या, जाईल ते डोक्यातून. पैसेही एकदम टाकू नका, केळीला पाणी देतो तसं ठिबकने द्या, ९९, १९९, ४९९. सकाळी बँकेचे मेसेज मोजायला बसाल तेव्हा कळेल खोडाला किती पोचलं. आणि जिंकलेले काढायला गेलात तर तिथं आधार मागतील, पॅन मागतील, दोन दिवस थांबा म्हणतील, त्या दोन दिवसात तुम्ही ते परत लावूनही मोकळे होता. टाकताना मात्र कोणी काही विचारत नाही, प्यालायस का रे एवढं तरी विचारावं ना, तेही नाही.

वयाचंही तसंच आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे प्यायला परमिट लागतं आणि कडक दारूला वय २५ पाहिजे. मोबाईलवर एक चौकोन असतो, मी अठरा वर्षांचा आहे, त्यावर टिक केली की बारावीतला पोरगाही अठराचा. दुकानदार निदान तोंड तरी बघतो.

एक सोडून दुसरं धरायचा वेडेपणा मात्र करू नका. कित्येक जण श्रावण पाळतात, बाटली बंद, मटण बंद, अंडं बंद, आणि मोबाईल तेवढा चालू, कारण मोबाईलवर कुठं हिरवा-लाल ठिपका असतो! मग रात्री अकराला ते विमान उडायला लागलं की घसा आपोआप कोरडा पडतो, कारण इतके महिने शरीराला दोन्ही सोबतच दिलंय, एक दिसलं की ते दुसरं मागणारच. पोळ्याला बैल सजतो आणि मालक आडवा होतो. उलटंही होतं, ॲप उडवून टाकतो आणि बाटली ठेवतो, तिसऱ्या पेगला आठवतं की अरे, गेलेले अजून काढायचे राहिलेत.

हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेत सुमारे ४३ हजार लोकांचा एक मोठा सर्वे झाला होता, त्याचा निष्कर्ष २००५ साली छापून आला. जुगाराच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी दारूचा आजार जडलेला निघाला, ३८ टक्क्यांना इतर नशेचा आणि ६० टक्क्यांना तंबाखू-सिगारेटचा. म्हणजे जोडधंद्याची आयडिया तिकडच्यांना आपल्या आधी सुचली. तिथल्या मनोविकार डॉक्टरांच्या पुस्तकात तर जुगाराचं नशीबच फळफळलं, आधी तो उगाच चोऱ्या करायची चटक आणि आगी लावायची चटक यांच्या पंगतीला बसायचा, २०१३ मध्ये त्याला प्रमोशन मिळालं आणि दारू-गांजाच्या प्रकरणात जागा मिळाली. काही न पिता, न ओढता तिथं पोचलेला हा एकटाच.

आता तुम्ही म्हणाल, अहो पण बंदी आली ना. आली की, ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा झाला, पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षं कैद आणि १ कोटीपर्यंत दंड. कायदा आणताना सरकारचा अंदाज होता की ४५ कोटी लोक वर्षाला २० हजार कोटी रुपये घालवतात. भागाकार करून बघा, माणशी साडेचारशेसुद्धा येत नाहीत! म्हणजे गावातल्या शेकडो जणांचा कोटा तुम्ही एकटे रात्री बाजेवर बसून भरत होता, आणि कोणी साधा सत्कार केला नाही. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही, तो पीडित. कायदा व्हायच्या महिनाभर आधी आपल्या राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचा सभागृहात मोबाईलवर रमी असल्याचा व्हिडिओ गाजला होता. ते म्हणाले खेळत नव्हतो, जाहिरात स्किप करत होतो. मग त्यांचं कृषी खातं काढलं आणि दिलं काय, तर क्रीडा!

बंदीनंतर मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले, पण काळजी नको, आयडीवाला आहे, म्हणजे चोरून जुगाराचं खातं काढून देणारा. व्हॉट्सॲपवर मेसेज टाका, आयडी-पासवर्ड येतो, पैसे कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या खात्यावर टाकायचे आणि विसरायचे. उद्या सायबरवाल्यांनी ती साखळी पकडली आणि तुमचंही खातं होल्डवर गेलं, कापसाचे पैसे त्यातच अडकले, तर बँकेत जाऊन सांगा की मी फक्त विमान उडवत होतो.

जुनी माणसं म्हणतील, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्हीही खेळायचो की. खेळायचे, बायका झोक्यावर गाणी म्हणायच्या आणि आप्पा-नाना निंबाखाली पत्ते कुटायचे, पण तो काय जुगार होता? सणापुरता चालायचा, पैसे जिंकणारा समोरच बसलेला असायचा, शेवटी त्याच्याकडूनच उसने घ्यायचे, आणि कोणी जास्त पिऊन आला तर बाकीचेच त्याला डावातून उठवायचे, जा घरी म्हणायचे. प्यालेल्याला उठवणं, कसला बावळट धंदा! ॲपने कधी कोणाला असं अपमान करून उठवलंय का, सांगा.

घरी मात्र तयारी ठेवा. एक दिवस आई विचारणारच, "पैसा कथा गयात रे भाऊ?" तेव्हा तोंडाचा वास आधी येतो, म्हणून सगळं दारूवर ढकला. दारू म्हटलं की घरातले ओळखतात, रडतात, शिव्या देतात, मामाला बोलावतात, पण मोबाईल कोणी मागत नाही. दारू सुटावी म्हणून माळ घालायला नेतील तेव्हाही तो खिशातच असतो. बायकोची पोत गहाण ठेवायची वेळ आली तर लाजू नका, जळगावचं सोनं म्हटल्यावर शुद्धतेला कोण नाव ठेवणार.

आणि एक, तुमचा आयडीवाला कधी प्यालेला दिसला का? मला तरी नाही दिसला. तो टपरीवर हाफ चहा घेतो, स्वतः एक रुपया लावत नाही आणि दहाला झोपतो.

१४४१६ असा एक सरकारी नंबर आहे, टेलिमानस म्हणतात. चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलतात, आणि दारू आहे का जुगार आहे का दोन्ही आहे, सगळं एकाच फोनवर सांगता येतं. तो अजिबात सेव्ह करू नका. आणि रात्री बाजेवर चुकून लागलाच, तर निदान आयडीवाल्याला कळू देऊ नका, त्याची झोपमोड होईल.