‘होतिया’ खोडायला लावणाऱ्यांना

गेल्या आठवड्यात निपाणीहून भावाच्या पोरीचा फोन आला. नववीत आहे. शाळेतल्या काव्यवाचनासाठी तिनं स्वतःच्या आईवर कविता लिहिली होती. “आत्ती, ‘होतिया’ खोडलंय. ‘छाट’ पण काढू काय?” का म्हणून विचारलं, तर तिनं मला एक मेसेज पाठवला. बेळगाव-खानापूरच्या माझ्या ग्रुपांवरही तो फिरतोयच. म्हणणं असं, की बोलीनं आणि शिव्यांनी मराठी कविता नासवली. संतांनी जातीबद्दल कधी तक्रार केली नाही. विद्रोही कवितेला ना ताल ना यमक. कन्नड कवींनी भाषा शुद्ध राखली, त्यांच्याकडून शिका. आणि सीमाभागात तर मुलांना घरची बोली कवितेत आणूच देऊ नका, त्यानं आपला मराठीचा दावा ढिला पडतो.

पोरीच्या ओळी अशा होत्या :

आय बसलीया सूप घिऊन मांडीवर
हजार भरोस्तोर सांज होतिया
अन् त्यो म्हंतोय, छाट, छाट, छाट

वहिनी विड्या वळते. पान कापायचं, जर्दा भरायचा, वळून दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. ठेकेदार ज्या विड्या बाजूला टाकतो ती छाट, तिचे पैसे नाहीत. हा शब्द मोठ्यानं म्हणून बघा. ‘छ’ला श्वास बाहेर फेकला जातो आणि ‘ट’वर जीभ टाळूला थाडकन लागते. माल फेकणारा हात त्या एका अक्षरात ऐकू येतो. मेसेज वाचून पोरगी तिथं ‘नापसंत’ लिहिणार होती. ‘नापसंत’मध्ये ना ठेकेदार आहे, ना वहिनीचा पडलेला चेहरा.

म्हणून शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतोय. बोलीमुळे सीमाभागाचा दावा ढिला पडतो म्हणे! १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्या काळातलं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचं कुठलं गाणं आज आपल्या तोंडी आहे? अण्णा भाऊ साठ्यांची छक्कड. ‘माझी मैना गावावर राहिली, माझ्या जिवाची होतिया काहिली’. पोट भरायला मुंबईला आलेला गडी, गावाकडं राहिलेली त्याची मैना, आणि त्याच ताटातुटीतून पुढं खंडित महाराष्ट्र येतो. त्यात बेळगाव, कारवार, निपाणी नावानिशी येतात. ‘होतिया’च आहे तिथं. ‘होत आहे’ घाला आणि गाऊन दाखवा. ठेकाही मोडतो आणि तो गडीही गप्प होतो. आपला दावा ज्या गाण्यानं गावोगाव पोचवला, त्यातलंच क्रियापद आपण लेकरांच्या वहीतून खोडायला लावतोय. मला याचा संताप येतो.

संतांनी तक्रार केली नाही, हे तर धडधडीत खोटं. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा विठ्ठलालाच विचारतो :

आमुची केली हीन याती।
तुज कां न कळे श्रीपती॥
जन्म गेला उष्टें खातां।
लाज न ये तुमचे चित्ता॥

देवाला तोंडावर ‘लाज वाटत नाही का’ विचारणं ही तक्रार नसेल, तर तक्रार म्हणजे काय? आणि ‘खातां’ला यमक जुळवलंय ते ‘चित्ता’शी. उष्टं खाणारं तोंड आणि देवाचं मन, दोन्ही एकाच आवाजात बांधलीत. सहाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाला हे सुचलं, आणि आपण म्हणतोय, कविता आत्ता बिघडली.

ताल-यमकाबद्दल फार बोलायची गरज नाही. वामनदादा कर्डकांचं ‘सांगा आम्हाला बिर्ला, बाटा, टाटा कुठाय हो’ ऐका. पुढं ‘साठा’ आणि ‘वाटा’ येतात. धनवानांची नावं आणि आपला न मिळालेला हिस्सा एकाच ‘टा-ठा’त ठोकून बसवलेत. प्रश्न यमकातच आहे.

कन्नडचं म्हणाल, तर दलित कवी सिद्धलिंगय्यांचा ‘होलेमादिगर हाडु’ हा कवितासंग्रह १९७५ चा. नावातच दोन अस्पृश्य जाती, आणि त्यांची गाजलेली हाक ‘इक्रला, वदीर्ला’, म्हणजे हाणा रे, लाथा घाला रे. ही पुस्तकी कन्नड नव्हे, वाडीवस्तीवरची आहे. शेजारी राहून एवढंही माहीत नसावं?

एक मान्य करते, मन मारून. नुसती शिवी घातली की कविता होत नाही. तसं लिहिणारे आहेत, मीही वाचलेत. आणि परीक्षेला, अर्जाला प्रमाण मराठी यायलाच हवी, नाहीतर आपलीच पोरं मागं पडतील. पण नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाला (१९७२) विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे, आणि त्यातले अनेक शब्द आपल्याला कळले नाहीत, हे तेंडुलकरांनी त्यात उघड सांगितलंय. न कळलेला शब्द त्यांनी अशुद्ध ठरवला नाही, त्याचा अर्थ विचारला. मेसेज लिहिणाऱ्यानं निदान तेवढं करावं.

पोरीला म्हटलं, ‘होतिया’ परत लिही, आणि ‘छाट’ला हात लावू नको. तिनं फोन धरूनच वहिनीला ओळी वाचून दाखवल्या. मागून वहिनीचा आवाज आला, “तीनदा न्हवं गं. त्यो विड्या मोजत जातोय आन् मधीमधी म्हंतोय. लांब लांब लिही.”