वांधा म्हणजे काय, असं पुन्हा विचारू नका!

"मामा, सरळ मराठीत बोल ना!" काल भाचा पुन्हा म्हणाला. मी काय बोललो होतो? "दादरला गाडी चुकली तर वांधा होईल." बस्स, एवढंच. वांधा! गुजरातीतला 'वांधो' मुंबईच्या मराठीत मुरून आपलाच झाला, आणि परळमध्ये वाढलेला मुलगा विचारतो, म्हणजे काय? त्याच्या तोंडी दिवसभर 'ब्रो', 'लिटरली', 'क्रिंज'. ते कुणालाच खटकत नाही.

दर वेळी डोकं फिरतं माझं. लालबाग-परळच्या चाळीत थापा मारणाऱ्याला 'बंडल नको मारूस' म्हणायचे, गुपचूप सटकणारा 'कल्टी मारायचा', आगाऊपणा केला की 'शाणपट्टी बंद कर'. कोकणातून, घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी नळावर, गॅलरीत, नाक्यावर ही भाषा घडवली. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, चाळी पाडून टॉवर उभे राहिले. (आमच्या मजल्यावर तर शेजाऱ्याचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही.) गॅलरीच नाही, तर पोरांच्या कानावर हे शब्द पडणार कुठून?

आणि जुनं झालं म्हणून टाकायचं, हे मला पटतच नाही. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, आण्यांचा हिशेब संपला. तरी आजी शेवटपर्यंत 'सोळा आणे खरं' म्हणायची आणि आम्हाला कळायचं. कुणी 'म्हणजे?' विचारलं नाही.

भाच्याला मी वांधाच म्हणणार. रोज म्हणणार.