सेल्फी पॉइंट कुठे हवा, ते सांगा म्हणे!

सकाळी 11 ची बैठक पावणेएकला सुरू झाली आणि 1 वाजून 20 मिनिटांनी 'आपल्या बहुमोल सूचनांबद्दल आभार' म्हणून संपलीसुद्धा. पस्तीस मिनिटांत लोकसहभाग उरकला! त्यातली दहा मिनिटं प्रोजेक्टरची वायर हुडकण्यात गेली. उरलेल्या वेळात आमच्या तोंडात समोसा होता, म्हणजे बोलायचीही सोय नाही.

विषय आमच्या गावच्या बंद पडलेल्या स्टेशनाचा. शकुंतलेच्या लाइनवरचं स्टेशन. गावाचं नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेल. वऱ्हाडातल्या माणसाला शकुंतला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. किलिक निक्सन कंपनीनं इथला कापूस बाहेर न्यायला टाकलेली अडीच फुटी नॅरोगेज. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, 113 किलोमीटर, दुसरा अचलपूरला, 76 किलोमीटर. सगळ्या देशाची रेल्वे सरकारची झाली, पण हिची मालकी खासगी कंपनीकडंच राहिली. 1921 साली मँचेस्टरात बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत गाडी ओढत होतं. मी स्वतः त्याचा कोळसा डोळ्यांत घेतलाय. अचलपूरच्या फाट्यावर 76 किलोमीटरला चार तास लागायचे, पण तिकीट एसटीच्या मानानं काहीच नाही, म्हणून गरीब माणूस तिच्यातच बसायचा. आता दोन्ही फाटे बंद. ब्रॉडगेजच्या घोषणा ऐकत माझे केस पांढरे झाले.

तर या इमारतीचं 'पुनरुज्जीवन' करायचंय, तेही 'लोकांच्या सहभागातून'. पडद्यावर चित्र आलं. काचेचं कॅफे. गोल पायऱ्यांचं उघडं नाट्यगृह. फुगा धरलेलं सोनेरी केसांचं पोर. ताडामाडाची झाडं! अहो, मे महिन्यात पारा 45 ला टेकतो इथं, त्या काचेत बसून कॉफी प्यायची की भाजून घ्यायचं? फलाटावरचा कडुनिंब, ज्याच्या सावलीत तीन पिढ्या गाडीची वाट बघत बसल्या, तो चित्रात नाहीच. आणि शोभेला ठेवलेलं इंजिन? ब्रॉडगेजचं! अडीच फुटी रुळांवर ब्रॉडगेजचं इंजिन उभं केलंय आणि सगळे माना डोलावतायत. अरे, एकदा टेप लावून रूळ तरी मोजायचे होते!

मागच्या रांगेत एक म्हातारबुवा बसले होते. गँगमन म्हणून जन्म या लाइनवर काढला. उभे राहिले आणि म्हणाले, ''साहेब, मांगची मोरी बुजवून राह्यले तुम्ही चित्रात. पावसाचं पाणी तं तिथूनच निघते. बुजवली तं भिंत बसते.'' पडद्याशेजारचा पोरगा गोड हसला, ''काका, तुमची सूचना फॉर्ममध्ये लिहून द्या ना.''

फॉर्म इंग्रजीत.

मी वाचून दाखवला त्यांना. आठ प्रश्न. सेल्फी पॉइंट कुठे हवा? रंगसंगती अ, ब की क? कॅफेला नाव सुचवा. इमारत कशासाठी वापरावी, हा प्रश्नच नाही. ते ठरलेलंच होतं. पंचवीस पानांचा आराखडा बांधून तयार आणि आम्हाला बोलावलं होतं फोटोत डोकी भरायला. हजेरीच्या कागदावर सही मात्र दोनदा घेतली.

बैठक ठेवली कधी? आठवडी बाजाराच्या दिवशी. ज्या बायका पाट्या घेऊन याच गाडीनं बाजाराला जायच्या, त्या स्टेशनाच्या बाहेरच भाजी विकत होत्या, हाकेच्या अंतरावर. त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं : सावली, पाणी आणि बायांसाठी मुतारी. काचेचं कॅफे नाही.

माझा भाचा अमेरिकेत डेट्रॉइटला असतो. तिथलं मिशिगन सेंट्रल नावाचं भलंमोठं स्टेशन 1988 ला बंद पडलं आणि तीस वर्षं भुतासारखं उभं होतं. फोर्डनं 2018 ला विकत घेतलं आणि 2024 ला दुरुस्त करून उघडलं. तिथं शहराचा कायदा आहे, मोठा प्रकल्प आला की आसपासच्या रहिवाशांची नऊ जणांची समिती बसवायची. मी हेवा करत होतो, तर भाचा म्हणाला, ''मामा, फार हुरळू नका, नऊपैकी रहिवाशांनी निवडलेले दोनच असतात.'' म्हणजे तिकडेही घोडं तिथंच पेंड खातं. पण निदान दोन तरी! आमच्याकडं दोन समोसे.

त्या स्टेशनाची एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. फोर्डनं ते घेतल्यावर, त्याआधी वीसेक वर्षांपूर्वी तिथून घड्याळ पळवणाऱ्यानं ते घोंगडीत गुंडाळून गुपचूप परत केलं. चोरानं! कारण त्याला वाटलं, आता हे खरंच उभं राहतंय.

आमच्या स्टेशनाचं सामानही असंच गावात पांगलंय. बाकडं कुणाच्या ओसरीत, दिव्याची काच कुणाच्या देव्हाऱ्याशेजारी. आणि जो रुळाचा तुकडा टांगून घंटा म्हणून वाजवायचे ना, तो माझ्या गोठ्यात आहे. माझ्या काकांनी भंगारवाल्याच्या हातगाडीवरून उतरवून घेतला होता, वीस रुपये देऊन. म्हणून गावाचं नाव लिहीत नाही, उद्या मलाच आत टाकायचे!

खरं सांगतो, बैठकीला जाताना तो तुकडा पोत्यात घालून स्कूटरच्या पायापाशी ठेवला होता मी. वाटलं होतं, सगळ्यांसमोर काढू आणि म्हणू, हा घ्या, पहिली वस्तू परत. मग बाकडंही येईल, दिवाही येईल.

पोतं स्कूटरवरून खाली उतरवलंच नाही. फॉर्ममध्ये सेल्फी पॉइंटच्या चौकटीत 'मोरी बुजवू नका' असं मराठीत लिहिलं, खाली म्हातारबुवांचा अंगठा घेतला. पोराने तो न वाचताच गठ्ठ्यात खोचला. घरी येऊन तुकडा परत गोठ्यात टांगला आणि रागानं असा हाणला, की म्हैस दोरी तोडून शेजारच्या तुरीत घुसली.