हजारात ४ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. गरोदरपणातल्या तपासण्यांचा निर्णय बाईवर सोडणं म्हणजे जबाबदारी झटकणं, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या बिडी वळणाऱ्या बाईला '२५० त १' काय कळणार, असं तुम्ही लिहिलंय.

दुसरं आधी घेते, कारण ते मला लागलं. जिची मजुरीच हजार बिड्यांवर ठरते, तिला आकडा कळत नाही? डबल मार्कर म्हणजे बाळाला डाउन सिंड्रोमसारखा दोष असण्याची शंका किती, हे सांगणारी रक्ततपासणी. तिच्या रिपोर्टातलं '२५० त १' मी अशाच एका बाईला असं सांगितलं होतं : "हजार बिड्यांत ४ वेगळ्या निघाव्यात, एवढी शंका." (आधी 'खराब' म्हणायचे. बाळाच्या बाबतीत तो शब्द तोंडातून निघेना.) ती पटकन म्हणाली, "म्हंजे ९९६ चांगल्याच की ओ!" रिपोर्टवर मात्र ठळक अक्षरांत फक्त 'हाय रिस्क' होतं.

ही चाळणी आहे, निदान नव्हे. खात्री करायची तर १५ आठवड्यांनंतर पोटातून सुई घालून गर्भजल काढायचं, आणि त्यात गर्भ पडण्याचा धोका थोडा का होईना असतोच. एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणारी चाचणी, हिला हातातलं रक्त पुरतं, पण तीही चाळणीच, आणि महाग.

खरी अडचण वेगळीच होती. रिपोर्ट इंग्रजीत, मी मराठीत, तिच्या घरात तेलुगू. मी पाच मिनिटं बोलले, ते तिच्या सासूबाईंनी तेलुगूत चार शब्दांत उरकलं. तेव्हापासून दुभाषी म्हणून घरचं माणूस घेत नाही. आमच्या आयाबाई तेलुगू बोलतात, त्या बसतात. बाकीचे बाहेर.

झटकण्याचं म्हणाल, तर अर्धं मान्य. मीही पूर्वी "निर्णय तुमचा" म्हणून फाइल मिटायचे. आता विचारते, रिपोर्ट वाईट आला तर काय करशील? काहीही झालं तरी बाळ ठेवणार असेल, तर सुईची गरज तिची तिलाच तोलता येते. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीचा आग्रह मात्र मी सोडत नाही. हृदयाचा दोष आधी कळला, तर बाळंतपण कुठे करायचं ते ठरवता येतं. गर्भपाताचा विचार असेल, तर कायद्याच्या मुदतीही सांगते : २० आठवडे, काही कारणांसाठी २४, आणि गंभीर व्यंग असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार त्यानंतरही, वैद्यकीय मंडळाच्या संमतीनं.

त्या बाईनं सुई नको म्हटलं. मी असते तर घेतली असती. तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.