अडीच वर्षांच्या पोरीला स्प्लिट कशाला?
मुलांना जिम्नॅस्टिक्स ‘जितक्या लवकर तितकं चांगलं’ हे लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. लेक अडीच वर्षांची असताना उपनगरातल्या एका क्लासच्या ट्रायलला गेलो. सरांनी पाय दाबून स्प्लिट (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना सरळ पसरून बसणं) करवलं, ती कळवळून रडली. तसेच परत फिरलो. या वयात कोलांटी, बेडूकउड्या, बुटक्या बीमवर (तोल सांभाळायच्या अरुंद पट्टीवर) आईचा हात धरून चालणं, एवढं पुष्कळ झालं. ऑलिम्पिकमध्ये महिला जिम्नॅस्टला त्या वर्षात १६ पूर्ण व्हावी लागतात, मग घाई कसली? मॅट जाड आहेत का, एका शिक्षकामागे मुलं किती, हे बघाच. आणि पालकांना बाहेर थांबवत असतील तर एवढं लहान मूल तिथे अजिबात घालू नका. आता गोरेगावला शनिवारी सकाळची बॅच घेतलीय, लोकलला गर्दी कमी असते. परवा तिने घरी गादीवर स्वतःहून कोलांटी मारली!